बांध एक, खाती अनेक: हवामान बदलाच्या कामात सरकारी खात्यांचा मेळ कसा बसवावा

"बांध कोणाचा?" असे ग्रामसभेत उभे राहून विचारा आणि किती उत्तरे येतात ते बघा.

गोव्यात मांडवीकाठचा कुठलाही खाजन बांध घ्या (खाजन म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन), चोडणचा, दिवाडीचा, जुव्याचा किंवा पिळगावचा. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, नाहीतर भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. कसणारी कुळे, त्यांचा संघ, आणि संघाच्या निवडणुकीवर आणि हिशेबावर नजर मामलेदाराची. बांध खचला तर दुरुस्ती कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे, काही ठिकाणी जलस्रोत खात्याकडे. बांधाला लागून उगवलेली खारफुटी वन खात्याच्या अखत्यारीत. बांधाबाहेरची नदी बंदर कप्तान खात्याची. नदीला भरती लागते म्हणून जागा सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात), म्हणजे किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी आली. बांधावरून रस्ता गेला असेल तर साबांखा (सार्वजनिक बांधकाम खाते), खांब गेले असतील तर वीज खाते. पंचायतीकडे उरतात लोकांच्या शिव्या.

मी आधी मामलेदार कचेरीत आणि मग कलेक्टर कचेरीत फायली सांभाळून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. माहेर डिचोलीचे, सासर नदीकाठचे. त्यामुळे खारे पाणी शेतात शिरले की त्याची कटकट मला टेबलावरही आणि घरीही. हे लिहिते आहे ते नव्याने निवडून आलेले पंच, पंचायत सचिव, पहिल्या पोस्टिंगवरचे कनिष्ठ अभियंते आणि गावात धडपडणारी मुले यांच्यासाठी. हवामान बदलावर भाषण करणारे पुष्कळ आहेत. समुद्र चढतो आहे, पाऊस महिनाभर पडायचा तो दोन दिवसांत कोसळतो, हे आता शाळेतली पोरेही सांगतात. अडते ते पुढे. सात-आठ खात्यांनी एका बांधावर एका हंगामात काम करायचे कसे, ते कोणी सांगत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे: खात्यांना विषयाभोवती बसवू नका, जागेभोवती उभे करा. आणि तारखा पावसाकडून उलट्या मोजा.

आधी जागा, मग विषय

केंद्र सरकारने जून २००८ मध्ये राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखडा काढला, त्यात आठ अभियाने होती. पुढे राज्यांनी आपापले आराखडे केले, गोव्याचाही आहे. तो जरूर वाचा, कारण पैसे मागताना त्यातले वाक्य शब्दशः उतरवून द्यावे लागते. पण असे आराखडे विषयवार असतात. पाणी एका प्रकरणात, शेती दुसऱ्यात, किनारा तिसऱ्यात. समित्याही तशाच नेमल्या जातात, आणि प्रत्येक समितीत तीच माणसे वेगवेगळ्या दिवशी बसतात.

पाणी प्रकरणे बघून वाहत नाही. अंजुणे धरणाचे दरवाजे उघडले की वाळवंटी फुगते आणि साखळीच्या बाजारात व्यापारी माल माळ्यावर चढवू लागतात. तेच पाणी पुढे मांडवीत उतरते. त्याच वेळी भरती असेल तर खालच्या खाजनातल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. एवढ्या एका प्रवाहात धरण, नगरपालिका, पंचायती, शेती, मासेमारी आणि रस्ते सगळे आले.

म्हणून सुरुवात एका जागेपासून करा. गावातला सगळ्यात अशक्त बांध, दरवर्षी तुंबणारी मोरी, किंवा एप्रिलमध्ये खारट होणाऱ्या विहिरींचा वाडा. एकच निवडा. "संपूर्ण गावाचा हवामान आराखडा" असे शीर्षक असलेले कागद मी खूप पाहिले आहेत. त्यातले बरेचसे कपाटाचा पाय समतल करायला उपयोगी पडले.

जागा ठरली की भूमी अभिलेखातून सर्व्हे प्लॅन काढा आणि त्या पट्ट्यातल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाची आणि कसतो कोण याची नोंद. मग उधाणाच्या दिवशी, अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला, गावातल्या दोन जुन्या कुळांना सोबत घेऊन बांध चाला. ओहोटीला एकदा आणि भरतीला एकदा. ओहोटीला बांधाचा पाया, खेकड्यांनी पाडलेली भोके आणि मानशीच्या (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दरवाजाच्या) फळ्या दिसतात. भरतीला पाणी कुठून पाझरते ते दिसते. भरतीच्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांत मिळतात, आणि दुसऱ्या दिवशीची भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. पाण्याची पातळी जिथपर्यंत येते तिथे चिऱ्यावर रंगाने खूण करा आणि तारीख लिहा. दोन-तीन वर्षांच्या अशा खुणा दाखवल्या की इंजिनियरशी वाद घालायची गरज पडत नाही.

आता मोठ्या कागदावर तक्ता करा. डावीकडे जागेचे तुकडे: बांधाचा अमुक पट्टा, मानस, पोंय (मानशीच्या आतला पाणसाठा), आतला नाला, रस्ता, खांब. वरती सहा रकाने: जमीन कोणाची, काम कोणाचे, परवानगी कोणाची, पैसा कोणाचा, अडचण कोणाला, आणि नंतरची देखभाल कोणाची. शेवटचा रकाना बहुतेक वेळा कोरा राहतो. तो कोरा राहिला तर तसाच दिसू द्या, उगाच "पंचायत" लिहून मोकळे होऊ नका. जिथे दोन खात्यांची नावे एकाच चौकटीत येतात आणि जिथे एकही नाव येत नाही, त्या दोन्ही जागांवर लाल पेनाने गोल करा. माझ्या टेबलावर एकदा एकाच बांधाच्या एकाच तुकड्याची दोन वेगवेगळ्या कार्यालयांची एस्टिमेट आली होती, आणि त्याला लागूनचा खचलेला तुकडा कोणाच्याच कागदात नव्हता. दोन्ही अभियंते प्रामाणिक होते. त्यांनी एकमेकांचा नकाशा पाहिला नव्हता, इतकेच.

हुकूम कोण देऊ शकतो

पर्यावरण व हवामान बदल खात्याकडे आराखडा असतो, माहिती असते, तज्ज्ञांशी संबंध असतात. पण ते खाते साबांखाला किंवा वीज खात्याला "हे करा" असा हुकूम देऊ शकत नाही. खाती एका पातळीवरची असतात, आणि एका पातळीवरचे लोक एकमेकांना विनंतीपत्रे लिहितात. विनंतीपत्राला उत्तर येते: "आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आले आहे."

जिल्हा पातळीवर हुकूम देण्याचा अधिकार एका कायद्यात स्वच्छ लिहिलेला आहे, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५. जिल्हाधिकारी हा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो. कलम ३३ प्रमाणे हे प्राधिकरण जिल्ह्यातल्या कुठल्याही खात्याला, अधिकाऱ्याला किंवा स्थानिक संस्थेला आपत्ती टाळण्यासाठी किंवा तिची तीव्रता कमी करण्यासाठी पावले उचलायला सांगू शकते, आणि ते खाते तसे करायला बांधील असते. लोकांना वाटते हा कायदा पूर आल्यावरचा. तसे नाही. "टाळण्यासाठी" आणि "तीव्रता कमी करण्यासाठी" हे शब्द कायद्यात मुद्दाम आहेत, आणि तेच आपल्या कामाचे. कलम ३२ नुसार जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयाने आणि स्थानिक संस्थेने स्वतःचा आपत्ती आराखडा करायचा असतो. तुमच्या जागेशी संबंधित कार्यालयांकडून त्याची प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती हक्काखाली मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

जिल्हाधिकाऱ्यांना पत्र असे लिहावे:

"प्रति, जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. विषय: सर्व्हे क्रमांक … येथील खाजन बांधाचे पावसाळ्यापूर्वी बळकटीकरण, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ३३ खाली निर्देश मिळण्याबाबत.

महोदय, सदर बांधाचा … मीटर भाग गेल्या पावसात खचला आहे. बांध फुटल्यास … घरे, … हेक्टर शेती व … विहिरी यांना खाऱ्या पाण्याचा धोका आहे. या कामाशी सोबतच्या तक्त्यातील कार्यालयांचा संबंध येतो. त्यांची संयुक्त पाहणी दिनांक … पूर्वी व्हावी, एका अधिकाऱ्याची समन्वयक म्हणून पदनामासह नेमणूक व्हावी, आणि कोणत्या कार्यालयाने कोणते काम कोणत्या तारखेपर्यंत करायचे याचा लेखी आदेश व्हावा. ग्रामसभेचा ठराव, नकाशा व छायाचित्रे सोबत जोडली आहेत."

एवढेच. एका पानाच्या आत. प्रत मामलेदार, गटविकास अधिकारी आणि तक्त्यातल्या प्रत्येक कार्यालयाला. इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पत्रात "हवामान बदल" हे शब्द नाहीत, हे तुमच्या लक्षात आले असेल. विषयाच्या ओळीत ते घातले की फाईल अभिप्रायासाठी फिरायला निघते. ज्याच्याकडे मजूर आणि जेसीबी आहेत त्याच्याशी बांध, मीटर आणि तारीख याच भाषेत बोला. हवामान बदलाची भाषा पैशाच्या अर्जासाठी राखून ठेवा, तिथे तीच चालते.

जूनपासून मागे मोजा

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक कामे इथेच बुडतात.

गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. मातीचा बांध बसायला, दबायला वेळ लागतो, म्हणून माती-चिऱ्याचे काम एप्रिलअखेर संपलेले बरे. मेमध्ये घातलेली सैल माती पहिल्याच मोठ्या सरीत पोंयीत जाते. आणि आता मे महिनाही भरवशाचा राहिलेला नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे, खांब आणि तारा एकदमच आडव्या झाल्या, कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती.

एप्रिलअखेर संपवायचे तर जानेवारीत सुरू झाले पाहिजे. जानेवारीत सुरू करायचे तर वर्क ऑर्डर डिसेंबरमध्ये हातात पाहिजे. त्याआधी टेंडर, त्याआधी तांत्रिक मंजुरी, त्याआधी एस्टिमेट, आणि या सगळ्याच्या बाजूने सीआरझेडची आणि वन खात्याची परवानगी. म्हणजे पाहणी सप्टेंबरमध्येच व्हायला हवी. चतुर्थी आटोपली की लगेच. तेव्हा पाण्याच्या खुणा ताज्या असतात, लोकांचा राग ताजा असतो, आणि खाती पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचे आकडे जुळवायला बसलेली असतात. त्या आकड्यांत तुमचे काम शिरले नाही तर पुढे पुरवणी मागण्यांची वाट बघत बसावे लागते.

परवानग्या एकामागोमाग एक घेऊ नका, एकाच दिवशी सगळ्यांकडे अर्ज टाका. "आधी त्यांची आणा, मग आमची" असे दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवून म्हणतात तेव्हा समन्वयक अधिकाऱ्याचा उपयोग होतो. त्याने दोघांना एकत्र जागेवर आणावे, दोघांचे अभिप्राय एकाच पंचनाम्यात लिहून घ्यावेत.

मार्चमध्ये कोणाकडून काही होईल अशी आशा धरू नका. ३१ मार्चपर्यंत सगळे बिलांच्या मागे असतात. मात्र मार्च अखेरीला एखाद्या हेडखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या शीर्षाखाली, पैसे उरलेले असतात. तुमचे एस्टिमेट, परवानग्या आणि ठराव तयार असतील तर ते पैसे तुमच्याकडे वळू शकतात. तयार फाईल असलेल्या पंचायती थोड्याच असतात.

निवडणूक वर्षात आचारसंहितेचा काळ आधी कॅलेंडरवर आडवा काढा. त्या काळात नवे टेंडर निघत नाही, चालू काम थांबत नाही. त्यामुळे वर्क ऑर्डर त्याआधी.

बैठक बांधावर घ्या

बैठकीला खातेप्रमुखांना बोलावण्याचा मोह टाळा. साहेब येतात, हार घेतात, "सकारात्मक विचार करू" म्हणतात आणि जातात. तुम्हाला हवा आहे तो साहाय्यक अभियंता, विभागीय कृषी अधिकारी, वन क्षेत्रपाल आणि मामलेदार कचेरीतला तो माणूस ज्याला कुळांच्या संघाचा इतिहास माहीत आहे. पंचायतीसाठी सरकारने नेमलेला स्वयंपूर्ण मित्रही बोलवा. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वयंपूर्ण गोवा कार्यक्रमात हे अधिकारी पंचायतींना जोडून दिलेले आहेत, आणि ते स्वतः कुठल्या ना कुठल्या खात्यात असल्याने त्यांना आतल्या वाटा ठाऊक असतात. योजनांच्या फॉर्मपुरते त्यांना वापरणे म्हणजे वाया घालवणे.

वेळ ओहोटीची ठरवा. माणसे बांधावर उभी राहिली की बोलणे आपोआप मीटरांत आणि चिऱ्यांत येते. हॉलमध्ये तीच माणसे धोरणावर बोलतात.

इतिवृत्त त्याच दिवशी लिहा, त्याच दिवशी सगळ्यांच्या सह्या घ्या. प्रत्येक ओळीत पद, काम आणि तारीख. "कार्यवाही चालू आहे", "पाठपुरावा करण्यात येईल", "संबंधितांना कळवण्यात यावे" ही तीन वाक्ये इतिवृत्तात येऊ देऊ नका. संबंधित कोण? त्याचे पद लिहा. पुढच्या भेटीची सुरुवात मागचे इतिवृत्त मोठ्याने वाचून करायची. चहा त्यानंतर. हे मी विनोदाने सांगत नाही. आधी चहा दिला की निम्मी माणसे कप ठेवून गाडीकडे वळतात.

खाती भांडतात तेव्हा

खात्यांचे भांडण नेहमी आळशीपणाचे नसते. कित्येकदा दोन्ही बाजू आपापल्या कायद्याने बरोबर असतात. त्याचा सगळ्यात अवघड नमुना म्हणजे खारफुटी.

बांध फुटला आणि एक-दोन वर्षे तसाच राहिला की भरतीबरोबर खारफुटीच्या बिया आत येतात. शेत होते तिथे रोपे उभी राहतात, मग झाडी. शेतकरी म्हणतो, "माझे शेत मोकळे करून द्या." वन खाते म्हणते, खारफुटी तोडता येत नाही, आणि सीआरझेडच्या नियमांतही ती कडक संरक्षणाखाली आहे. कृषी खाते मध्ये अडकते. शिवाय हवामान बदलाच्या दृष्टीने खारफुटी हवीच, ती लाटांचा जोर मोडते, मासळीची पिल्ले तिच्या मुळांत वाढतात. आणि खाजनही हवेच, कारण बांध आणि मानस नसतील तर खारे पाणी थेट विहिरींपर्यंत पोचते.

यात मी असा फरक करते. बांधाच्या नदीकडच्या अंगाची खारफुटी ही बांधाची ढाल आहे, तिला हात लावू नका, विरळ असेल तर वन खात्याकडून लावून घ्या. बांधाच्या माथ्यावर आणि मानशीच्या तोंडाशी वाढलेल्या झाडांची मुळे बांध फोडतात. तिथे फक्त दुरुस्तीच्या रेषेपुरती परवानगी मागा, झाडागणिक मोजून, वन क्षेत्रपालाच्या सहीच्या पंचनाम्यासह. आतल्या शेतातल्या झाडीसाठी भांडायचे की नाही हे एका प्रश्नावर ठरवा: कसायला कोण तयार आहे? नावे लिहून द्यायला कुळे पुढे येत असतील तरच भांडा. कोणीच येत नसेल तर तिथे खारफुटी राहिलेली बरी. पडीक शेत "मोकळे" करून घेतले की त्यावर भराव टाकणारे हात तयारच असतात. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. खाजनात विकासकामाला मनाई, खारफुटीला संरक्षण आणि खाजनासाठी व्यवस्थापन आराखडा असे तिन्ही त्यात एकत्र लिहिलेले आहे. पत्रव्यवहारात त्याचा आधार घ्या, म्हणजे शेती आणि झाडे एका कागदावर येतात.

कसणारे तयार असतील तर बियाण्याची बाजू जुलैपर्यंत ढकलू नका. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की पेरा, आणि तेव्हा बी हातात हवे. खाऱ्या जमिनीत तग धरणारा आपला जुना कोरगुट भात आहे. जुन्या गोव्याजवळ एला येथील आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान नावाच्या क्षार सोसणाऱ्या जातीही काढल्या आहेत. विभागीय कृषी कार्यालयाशी हे आधी बोला. बांध दुरुस्त करून शेत पडीक राहिले तर पुढच्या वर्षी त्या बांधासाठी कोण पैसे देईल?

दुसरे भांडण मानशीचे. फळ्या ओहोटीला उघडून गोडे पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला मिटतात, ही त्यांची मूळ रचना. पावणीत, म्हणजे लिलावात, मासळीचा हक्क घेतलेला माणूस मात्र जास्त मासळीसाठी खारे पाणी आत घेऊ बघतो. उपाय सोपा आहे, पण तो पावणीच्या आधी करायचा असतो. कुठल्या महिन्यांत फळ्या कशा राहतील आणि चावी कोणाकडे राहील, या अटी पावणीच्या कागदात घालून घ्या आणि मामलेदाराकडे नोंदवा. पावणी झाल्यावर अटी घालायला गेलात तर फक्त मारामारी होते.

तिसरे, रस्ता. पाणी चढते म्हणून रस्ता उंच करा अशी मागणी होते, रस्ता उंच होतो, आणि मोऱ्या जुन्याच राहतात. मग तो रस्ताच धरण बनतो आणि वरच्या वाड्यात पाणी तुंबते. रस्त्याच्या एस्टिमेटवर जलस्रोत खात्याच्या अभियंत्याची सही घ्या. नियमात ती लागत असो वा नसो.

आणि डोंगराकडेही बघा. वरचा उतार खणला, शेतात भराव पडला की खालचा बांध कितीही भक्कम असला तरी पाणी लवकर आणि गढूळ येते. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली झोन बदलाच्या सूचना प्रसिद्ध होतात, त्यावर हरकती घेता येतात. पंचायतीत एका माणसाला राजपत्र वाचायचे काम द्या. आमच्याकडे निवृत्त शिक्षक हे काम हौसेने करतात, आणि त्यांच्या नजरेतून स्वल्पविरामही सुटत नाही.

पैसा

यावर फार लिहित नाही, कारण हेड बदलत राहतात. दोन गोष्टी मात्र माहीत असाव्यात. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले. ८० टक्के प्रतिसादाला आणि २० टक्के आपत्ती कमी करण्याला. हा दुसरा भाग नुकसानभरपाईचा नाही, आगाऊ कामांचा आहे, आणि त्याचे नाव घेऊन मागावे लागते. पंचायतींच्या अनुदानातही त्याच आयोगाने ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधून दिले आणि ४० टक्के मोकळे ठेवले. मोकळ्या पैशातून बांध होत नाही, पण सर्व्हे, नकाशा, मानशीच्या नव्या फळ्या आणि पाणीपातळीच्या पट्ट्या होतात. हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात "स्वच्छ व हरित गाव" या संकल्पनेखाली आधी लिहिलेले पाहिजे, नाहीतर सचिव हात वर करतील आणि ते बरोबर असतील.

मोठ्या कामाचे तुकडे पाडताना निधीकडे बघून पाडू नका. दोनशे मीटर बांध तीन योजनांत वाटला तर तीन कंत्राटदार येतात, आणि फुटतो तो नेमका सांध्यावर.

पाणी चढते त्या रात्री

हवामान खाते पणजीत आल्तिनोवर आहे, त्याचे इशारे मोबाईलवर येतात. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे मुसळधार पावसाच्या वर्गवारीतली वरची पायरी. पण नुसता पाऊस बघू नका. पावसाचा इशारा आणि उधाणाची वेळ शेजारी शेजारी लिहा. पणजीत १८ जून रस्ता तुंबतो तो पाऊस आणि भरती यांची गाठ पडली की. समुद्राच्या लाटांचे इशारे हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून येतात, ते मच्छीमारांच्या गटात पोचतात की नाही ते तपासा.

धरणाचा विसर्ग हा वेगळा विषय. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचे पाणी आणि पाऊस एकत्र आला आणि शापोरा नदीकाठी साळ, इब्रामपूर, हणखणे हे गाव पाण्यात गेले. तिळारी धरण महाराष्ट्रात दोडामार्गला, पूर गोव्यात. अशा ठिकाणी दोन राज्यांच्या बैठकीची वाट बघत बसू नका. धरणावरच्या शाखा अभियंत्याचा, खालच्या तलाठ्याचा आणि सरपंचाचा फोन नंबर एकाच कागदावर असू द्या, आणि मेमध्ये एकदा तो नंबर लावून बघा. अंजुणेच्या खाली राहणाऱ्यांनीही हेच करावे. पुढच्या प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली हवीत: दरवाजे उघडण्याआधी किती वेळ कळणार, रस्ता बंद करण्याचा निर्णय कोणाचा, गुरे कुठे न्यायची, शाळेची चावी कोणाकडे. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी-डिचोलीत घरे पडली तेव्हा ज्या वाड्यांत हे ठरलेले होते तिथली माणसे आधी हलली.

उन्हाळ्यासाठीही असाच कागद करा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आग लागली आणि शेवटी नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून पाणी ओतावे लागले. काजूच्या बागांना लागून राहणाऱ्यांनी वन खाते आणि अग्निशामक दलाची संयुक्त पाहणी फेब्रुवारीत करून घ्यावी, गवत वाळायच्या आत.

बदली झाल्यावर

सगळे जमले की समन्वयक अधिकाऱ्याची बदली होते. त्याला नाइलाज आहे. म्हणून फाईल अशी लावा की नव्या माणसाला अर्ध्या तासात कळावे. वर तक्ता, त्याखाली नकाशा, मग कलम ३३ चा आदेश, मग इतिवृत्ते उलट्या क्रमाने, शेवटी छायाचित्रे, तारखेसह. एक प्रत पंचायतीत, एक कुळांच्या संघाकडे, एक जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे. प्रत्येक पंचायतीत ही समिती असते, आणि खारफुटी, मासे, जुन्या भाताच्या जाती यांची नोंद तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत आधीच असायला हवी. तिथली पाने वन खात्यासमोर ठेवता येतात.

तक्त्यातला देखभालीचा रकाना आता भरा. संघाने बांध राखणाऱ्या माणसाला मजुरी द्यायची, मानशीच्या पावणीतला ठराविक हिस्सा त्यासाठी बाजूला काढायचा, आणि अमावास्या-पौर्णिमेला बांध चालून वहीत सही करायची. भोके तिथल्या तिथे बुजवायची, मोठी फट दिसली तर त्याच दिवशी समन्वयकाला फोटो. ही वही मामलेदाराने वर्षातून एकदा तपासावी असा ठराव ग्रामसभेत करून घ्या.

नवा अधिकारी रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याला भेटा. फुलगुच्छ नको, फाईलची प्रत न्या. आणि कार्यालयात बसून समजावत बसू नका, बांधावर न्या. साहेबांना गमबूट नसतील तर पंचायतीचे द्या. ओहोटीची वेळ मात्र आधी बघून ठेवा, नाहीतर ते फक्त पाणी बघून परत जातील.